नळाच्या पाण्याची तक्रार

एकाच महिन्यात तिसरी तक्रार:
'पाणी बदललंय. चहा मेलाय.'
खाली सही, डेस्मंड थर्लो,
अक्षर पट्टी लावून काढल्यासारखं.

मी पाणीखात्याची. पिशवीत बाटल्या,
बर्फाची पाकिटं, क्लोरीन मोजायच्या गोळ्या.
इप्सविचचं पाणी खडूच्या थरांतून वर येतं,
जड, हट्टी. किटलीत पांढरं कवच धरतं,
चहावर साय म्हणावी तर सायही नाही,
नुसती तडकलेली साल.
पण ते परवासारखंच होतं,
ह्या घराला पहिला नळ आला तेव्हा असेल तसंच.

'मोजून झालं असेल,' ते म्हणाले, 'तर चाखून बघा.'

अडतीस वर्षं त्यांनी गोदीजवळच्या गोदामात
चहा चाखला आणि थुंकला,
दिवसाला दोनशे वाट्या.
अजून तोच तराजू. एका पारड्यात
सहा पेन्सचं जुनं नाणं, दुसऱ्यात पत्ती.
आमच्या घरची भुकटी नव्हे,
जी दुधाचा हात लागताच सगळं कबूल करते.
लांब, काळी, पिळलेली,
कुठेकुठे टोकाला सोनेरी,
शिंप्याच्या टेबलाखाली सापडावेत तसे धागे.

पाणी उकळलं त्या क्षणी ओतलं.
दुसऱ्यांदा उकळलेलं चालत नाही म्हणे.
मग झाकण.
मग सहा मिनिटं कुणीच काही केलं नाही.

मी चहा उकळणाऱ्या लोकांतली.
आम्ही त्याच्या मागेच लागतो, आलं ठेचून घालतो,
उतू जाईल म्हणून सांडशी घेऊन उभे राहतो.
इथे पत्ती झाकणाखाली आपली आपण उलगडत होती
आणि आम्ही दोघं वाळूच्या घड्याळाकडे बघत होतो,
आत कुणाचं तरी ऑपरेशन चालू असल्यासारखे.
मुरणं, मला आठवलं.
लोणचं मुरतं, माणूस मुरतो,
आणि कुठेतरी पाणीही मुरतं.

ओली पत्ती त्यांनी झाकणावर पालथी केली.
चिंचेने घासलेल्या तांब्याचा रंग.
मग भुरका मारला, असा,
की लहानपणी मला त्याबद्दल धपाटा बसला असता.
थुंकले नाहीत. गिळला.
'बघा,' ते म्हणाले. 'काहीच नाही.'

मी भुरका मारला.
जिभेच्या कडा आवळल्या,
गालांना आतून कुणी हलकेच चिमटा काढला,
आणि मागून, उशिरा, मध,
भाकरीच्या करपल्या पापुद्र्याजवळचा.
पाण्यात काही नव्हतं.
चहात सगळं होतं.

त्यांनी माझा चेहरा पाहिला
आणि पाणी कुठे मुरतंय ते दोघांनाही कळलं.

'सांगा. कसा आहे?'
त्यांच्याकडे चहासाठी एकशे वीस शब्द होते,
टाईप करून भिंतीवर लावलेले.
माझ्या तोंडात एकच आला,
तोही पहिलीतल्या तक्त्यावरचा:
तुरट.
'पुन्हा म्हणा.'
तुरट. सुपारी. कच्चं केळं. जांभळाची बी.
तोंड स्वतःलाच जवळ ओढून घेतं ते.
त्यांनी स्पेलिंग विचारून वहीत लिहिलं,
तारीख, वजन, मिनिटं,
आणि चाखणाऱ्याच्या रकान्यात
जरा थांबून, 'पानसे'.

अहवालात मी आकडे होते तसे भरले.
कॅल्शियम, क्लोरीन, सगळं हद्दीत.
शेऱ्याच्या चौकटीसाठी
गाडीत बराच वेळ बसले. मग ती रिकामीच सोडली.

चौथा अर्ज गुरुवारी आला.
पाण्याबद्दल एक अक्षर नाही.
'नीलगिरीचा नमुना आलाय. जीभ हवी आहे.'
ऑफिसात विचारलं, हा कुठल्या प्रकारात टाकायचा?
माझ्याकडे द्या, म्हटलं.

वेळ साडेचारची.
बाटल्या घेतल्या नाहीत.
सकाळपासून तिखट खाल्लेलं नाही.